आमचा दुसरा कुठे सही करणार?

तुमचा मालक तुम्हाला 'बाळ' म्हणतो का?

म्हणत असेल तर जरा आठवून बघा, त्याच्याकडे शेवटचं काही ठामपणे कधी मागितलं होतंत? रजा, बढती, किंवा नुसतं 'मी दुसरीकडे जाते' एवढं सांगणं. 'साहेब' म्हणवून घेणाऱ्या माणसासमोर हे बोलता येतं. आवाज थोडा कापतो, पण बोलता येतं. 'काका' म्हणवून घेणाऱ्यासमोर गेलं की आपण आधी पाया पडतो, मग जेवतो, मग डबा घेऊन घरी येतो. बोलायचं राहून जातं.

मी वाढले त्या घरात वर्तमानपत्राआधी पत्रकं यायची. बाबा इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांच्या युनियनचं काम करायचे. गुलाबी आणि पिवळ्या कागदांचे गठ्ठे स्वयंपाकघरापर्यंत पोचलेले असायचे आणि त्यांच्या घड्या घालणं हा आम्हा भावंडांचा सुट्टीतला उद्योग होता. मला उद्गारचिन्ह आधी कळलं, पूर्णविराम नंतर. त्यामुळे एका कन्सल्टन्सीच्या व्हिसावर टेक्ससमधल्या अर्विंगला आले, तेव्हा मालकाशी कसं वागायचं याची माझी तयारी लहानपणापासूनची होती. पण विमानतळावर मालक स्वतः न्यायला आले. माझी मोठी बॅग त्यांनी हातातून काढून घेतली आणि म्हणाले, "बाळ, दमली असशील. काकूनं मुगाची खिचडी करून ठेवलीय."

त्या खिचडीवर तूपही होतं. माझ्या तयारीचं काय झालं ते सांगायला नको.

कंपनीच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघी राहायचो. माझी मैत्रीण मालवणजवळच्या एका गावातली, माझ्यापेक्षा थोडी मोठी. तिचा नवरा वॉशिंग्टन राज्यात, सिअ‍ॅटलला लागून असलेल्या बेलव्ह्यूला. लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि त्यातले जेमतेम काही आठवडे ती दोघं एका घरात राहिली होती. लाँग वीकएंडला कधी तो यायचा, कधी ही जायची. बाकी संसार फोनवर. तो तिकडे कुकर लावायचा आणि ही इकडे स्पीकरवर त्याच्या शिट्ट्या मोजायची. "बंद कर आता, डाळ लागेल!" हे वाक्य मी आमच्या फ्लॅटमध्ये इतक्यांदा ऐकलंय, की स्वतःच्या कुकरलाही मी तेच म्हणते.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत तिला बेलव्ह्यूच्या एका कंपनीची ऑफर आली. व्हिसा ट्रान्सफर करायला ते तयार होते. मार्च संपायच्या आत हो किंवा नाही कळवायचं होतं. कायदा आड येत नव्हता. मालकांनी, म्हणजे आमच्या काकांनी, कसली अटही घातलेली नव्हती. प्रश्न एवढाच होता, की काकांना सांगायचं कसं. ज्या माणसानं देवळाच्या पार्किंग लॉटमध्ये आपल्याला गाडी चालवायला शिकवली, ताप आला तेव्हा डॉक्टरकडे नेलं, त्याला 'येते मी' म्हणायचं कसं?

"सरळ सांग," मी म्हणायचे. "नोकरी आहे ही. नातं नाही."

"तुझं बरं आहे गो," ती म्हणायची. "तुला नाती नकोच असतात."

आता फुटबॉलकडे वळते. फुटबॉल म्हणजे इथला, हातानं खेळायचा. सीझनमध्ये दर रविवारी सगळी कंपनी काकांकडे जेवायला असायची. काका बर्म्युडावर आमच्या गावच्या संघाची जर्सी चढवून टीव्हीसमोर बसत आणि आम्ही ताटं घेऊन खाली कार्पेटवर. मला त्या खेळातलं काही कळत नसे. मैत्रिणीला मात्र पहिल्याच वर्षी वेड लागलं, आणि तेही भलत्याच माणसाचं.

संघाचा सगळा हल्ला ज्याच्या हातातून सुरू होतो तो क्वार्टरबॅक. त्याची पोस्टरं लागतात, त्याच्या जाहिराती येतात. त्याच्या पाठीमागे आणखी एक राखीव ठेवलेला असतो. पहिल्याला दुखापत झाली तरच त्याला मैदान मिळतं. एरवी तो टोपी घालून, हातात क्लिपबोर्ड धरून कडेला उभा. एका रविवारी पहिला लंगडत बाहेर गेला आणि हा आत आला. थोडाच वेळ खेळला. एक पास असा लांब आणि सुरेख फेकला की काकांच्या हातातलं ताक सांडलं. मग पहिला परत आला आणि यानं मुकाट्यानं टोपी घातली.

"हा माझा," मैत्रीण म्हणाली. "मीही अशीच. कुठल्या क्लायंटकडे कुणी आजारी पडलं, कुणी बाळंतपणाला गेलं, की काका मला पाठवतात. त्या बाई परत आल्या की मी घरी."

त्या दिवसापासून घरात त्याचं नाव 'आमचा दुसरा' पडलं. नवरा फोनवर पहिला प्रश्न विचारायचा, "काय, दुसरा बरा आहे ना?"

जानेवारीत सीझन संपला आणि त्याबरोबर आमच्या दुसऱ्याचा करारही. मार्च उजाडला की करार संपलेला खेळाडू मोकळा. हव्या त्या संघाशी बोलावं, जाऊन मैदान बघावं, आवडेल तिथे सही करावी. मैत्रीण नुसती अंदाजांत बुडालेली असायची. आज कुणी म्हणे तो डेट्रॉइटला जाणार, उद्या कुणी म्हणे सिअ‍ॅटलला. गाडीत बसली की रेडिओवर तीच चर्चा लावायची. मी आधी कंटाळले, मग एकदम कान टवकारले. कारण रेडिओवरचा माणूस सांगत होता, की पूर्वी खेळाडूला ही मोकळीक नव्हती. करार संपला तरी तो संघाच्याच हातात असायचा. खेळाडूंच्या युनियननं वर्षानुवर्षं भांडून, संप करून, कोर्टात जाऊन हे मिळवलं.

युनियन! टेक्ससच्या हायवेवर, गाडीच्या रेडिओत, तो शब्द ऐकून मला इतका आनंद झाला की माझी एक्झिट चुकली.

घरी येऊन मी पत्रक लिहिलं. सवयच तशी. "भगिनींनो!" अशी सुरुवात, वाचक एकच. टोपी घालून कडेला उभा राहणारा माणूससुद्धा इथे ताठ मानेनं विचारतो, मला काय देता? मग आपणच का मान खाली घालतो? असं बरंच. प्रिंट काढून मी ते तिच्या उशीवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते मला ओट्यावर गरम कढईखाली सापडलं.

"वाचलं का?"

"वाचलं. छान आहे. कागद जाड आहे."

काकांचं या विषयावरचं मत वेगळं होतं. मार्चच्या पहिल्या रविवारी जेवताना ते भडकलेच.

"पाच वर्षं पगार दिला त्याला संघानं! टोपी घालून उभं राहायचा पगार! आणि आता चालला गावोगाव भाव करत. बेइमान लेकाचा."

मैत्रिणीचा घास हातात राहिला.

"काका, त्याचा करार संपलाय," मी म्हणाले. "तो त्याचा हक्क आहे."

"हक्क! बाळ, तू आधी कोशिंबीर घे. काहीच खाल्लं नाहीयेस."

मी कोशिंबीर घेतली. चांगली झाली होती.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मैत्रिणीनं जाहीर केलं, "मी ठरवलंय. आमचा दुसरा सिअ‍ॅटलला सही करेल तर मी बेलव्ह्यूला जायचं. इथेच राहिला तर मीही इथेच."

मला वाटलं थट्टा करतेय. पण तिचा चेहरा शांत होता. तिच्या गावात कुठलीही मोठी गोष्ट करायची तर देवाला कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि मग सगळे वाट बघतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. तिच्या वडिलांनी विहीर खणण्याआधी कौल लावला होता, हिला इंजिनियरिंगला पाठवण्याआधीही लावला होता.

"तेव्हा उजवी पडली म्हणून मी आज इथे आहे," ती म्हणाली. "इथल्या देवळात कौल नाही, गुरव नाही. म्हटलं हाच बरा."

"एका फुटबॉलवाल्याच्या सहीवर तू नवऱ्याजवळ राहायचं की नाही ते ठरवणार?" माझा आवाज चढला होता. आमच्या घरात अंधश्रद्धेवरची पत्रकंही घडी घालून गेलेली आहेत. त्यातली दोन मला पाठ आहेत. दोन्ही मी तिला उभ्याउभ्या ऐकवली.

"झालं? आता भात लाव," ती म्हणाली.

तरीही मी तिला एक गोष्ट मान्य करायला लावली. दुसऱ्याची सही केव्हा व्हायची तेव्हा होवो, ऑफर आलीय हे तरी काकांना आधी सांगून टाक. ती तयार झाली. आणि तयारी काय केली? रिकोटा चीज आणि दुधाची पावडर आणून मायक्रोवेव्हमध्ये पेढे केले.

"राजीनाम्याला पेढे?" मी विचारलं.

"नवीन नोकरी लागली की मोठ्या माणसांच्या हातावर पेढा ठेवायचा असतो. काका मोठे आहेत. आणखी कसं सांगणार?"

खरंच, आणखी कसं सांगणार होती ती? मला पटेना, पण दुसरी रीतही सुचेना. आमच्याकडे मालकाच्या हातावर फक्त निवेदन ठेवत.

पाडवा पंचांगात कधीही असो, अमेरिकेत तो रविवारी येतो. काकांच्या मागच्या डेकवर गुढी उभी होती. पूल साफ करायच्या जाळीची लांब दांडी, वर काकूंची पैठणी आणि त्यावर चांदीचा गडू. मैत्रीण थेट स्वयंपाकघरात गेली, काकूंच्या पाया पडली आणि डबा पुढे केला. मी पाठीशी उभी होते.

काकूंनी झाकण उघडलं. पेढे पाहिले. मग तिच्याकडे वरून खाली पाहिलं.

"अगंबाई! कितवा?"

"काय कितवा?"

"महिना गं! बस, बस आधी. कुणीतरी खुर्ची आणा रे!"

बाहेरून काकांचा आवाज आला, "कुणाचा महिना?"

"नाही हो काकू! तसं काही नाही!" मैत्रीण कानापर्यंत लाल झाली होती.

"मग पेढे कसले?"

आता सगळी कंपनी दारात जमली होती. मी तिला पाठीमागून चिमटा काढला. तिनं तोंड उघडलं, काकांकडे बघितलं, काकूंकडे बघितलं.

"पाडव्याचे," ती म्हणाली.

"पाडव्याला श्रीखंड असतं गं."

"हो, पण पेढेही चालतात ना?"

काकूंना ते काही पटलं नाही. दिवसभर त्यांनी तिला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाही आणि निघताना कैरीच्या लोणच्याची अख्खी बरणी तिच्या मांडीवर ठेवली. गाडीत बसल्यावर ती बराच वेळ त्या बरणीकडे बघत होती. मग हसायला लागली. मला रागवायचं होतं, पण तिचं हसू थांबेना आणि शेवटी मीही गाडी बाजूला घेऊन हसले.

त्याच आठवड्यात रेडिओनं सांगितलं, की आमचा दुसरा सिअ‍ॅटलला जाऊन आला. तिथल्या लोकांशी बोलला, मैदान बघितलं. मैत्रीण कार्पेटवर अनवाणी नाचली. लगेच नवऱ्याला फोन.

"आपला दुसरा तिकडे येऊन गेला!"

"यार," तो स्पीकरवर म्हणाला, "माझी बायको येईना आणि तिचा दुसरा चक्कर मारून जातो. एअरपोर्टला घ्यायला जायचं होतं का मी?"

तिनं बॅग काढून झटकली सुद्धा. आणि नंतरच्या गुरुवारी बातमी आली. आमच्या दुसऱ्यानं सही केली होती. इथेच, जुन्याच संघाशी.

ती ऑफिसातून आली ती थेट कॉम्प्युटरसमोर बसली. मी जवळ जाऊन पाहिलं तर बेलव्ह्यूच्या कंपनीला ईमेल लिहायला घेतली होती. आभार मानून झाले होते आणि 'नाही'पर्यंत पोचायची होती.

"वेडी आहेस का? पुसून टाक ते!"

"माका सांगू नको," ती म्हणाली. "तूच म्हणाली होतीस, तो मोकळा माणूस आहे, त्याच्याकडे बघ. बघितलं. मोकळ्या माणसानं काय केलं? राहिलाच ना?"

माझ्या पत्रकातला नायक घरीच बसला होता. मी फणफणत स्वयंपाकघरात गेले आणि पोळ्यांचं पीठ नको इतकं तिंबलं.

साडेसहाच्या लोकल बातम्यांत तो दिसला. टोपी नव्हती, म्हणून आधी ओळखलाच नाही. बाई माइक पुढे करून विचारत होती, का राहिलास? तो जरा लाजला. म्हणाला, तीन गावं बघून आलो, तिकडे कदाचित जास्त खेळायला मिळालं असतं. पण घरी येऊन बायकोशी बोललो. आमचं घर इथे आहे. म्हणून इथे.

मैत्रीण खुर्चीतून अर्धी वळली होती.

"काय म्हणाला तो?"

"बायको जिथे आहे तिथे राहिलो म्हणाला."

ती टीव्हीकडे बघत राहिली. तिथे आता हवामान सुरू झालं होतं.

"म्हणजे उजवीच पडली की गो," ती म्हणाली.

कौलाचा अर्थ असा सोयीनं फिरवता येतो, यावर एक अख्खं पत्रक आहे. मी ते पाठ म्हणू शकले असते. मी म्हटलं नाही. कणकेचे हात धुतले आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. तिनं ती ईमेल पुसली.

शनिवारी आम्ही काकांकडे गेलो. पेढे नेले नाहीत. काका दारातच भेटले, खुशीत.

"बघितलंस ना बाळ? राहिला! याला म्हणतात निष्ठा. बस, चहा घे."

ती बसली नाही. मला माहीत होतं, बसली की चहा येणार, चहाबरोबर चकल्या येणार आणि चकल्यांनंतर काही बोलता येणार नाही.

"काका, तो तीन ठिकाणी जाऊन आला. सगळ्यांशी बोलला. मग राहिला. त्याला कुणी बेइमान म्हणालं नाही."

मी खोकले.

"म्हणजे मी म्हणालो होतो," काका म्हणाले.

"तुम्ही म्हणाला होतात. पण त्यानं ऐकलं नसेल. काका, त्याचं घर इथे आहे म्हणून तो राहिला. माझं घर बेलव्ह्यूला आहे. तिकडे मला नोकरी मिळालीय. मी जाते."

एका दमात तिनं बोलून टाकलं. मी तिचा हात धरला. माझ्या पर्समध्ये मुद्दे लिहिलेला कागद होता. कामगाराचे हक्क, कराराची मर्यादा, सगळं. तो काढू की नको, या विचारात मी होते.

काका खाली बसले. "आम्ही तुला मुलीसारखी वागवली," ते हळू म्हणाले. त्यांना खरंच लागलं होतं. ते ढोंग असतं तर मला किती सोपं गेलं असतं!

तेवढ्यात काकू पदराला हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

"अहो, मुलीसारखी म्हणता ना? मग लग्न झालेली मुलगी किती दिवस माहेरी बसवून ठेवायची? दीड वर्ष झालं तिला." मग मैत्रिणीकडे वळून, "आणि काय गं, ते पेढे याचे होते?"

"हो काकू."

"मग तेव्हाच बोलायचं! मी वेड्यासारखी सगळ्यांना दटावत होते, हिला काही उचलू देऊ नका म्हणून. बरणी परत आण माझी."

मुलगी, माहेर, सासर. माझ्या हातून घडी होऊन गेलेल्या प्रत्येक पत्रकानं या तीन शब्दांविरुद्ध काही ना काही लिहिलेलं होतं. मालकाला बाप मानायचं नाही, हे तर आमच्या घरातलं पहिलं कलम. आणि इथे मालकाला बाप मानूनच लढाई जिंकली जात होती. मी पर्सची चेन लावून टाकली. कधीकधी आपलं म्हणणं दुसरंच कुणीतरी, भलत्याच शब्दांत मांडतं आणि ते चालून जातं. मला ते आवडलं नाही. पण मैत्रिणीनं माझा हात सोडला होता.

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"नोटीस किती आठवड्यांची देतेस?" त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत काका पहिल्यांदा मालकासारखं बोलले होते, आणि मला ते त्या क्षणी फार आवडले. मैत्रिणीनं सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग उठता उठता म्हणाले, "आणि तिकडे मेडिकल इन्शुरन्स पहिल्या दिवसापासून आहे ना? नीट बघून घे, बाळ. नवीन कंपन्या तिथे फसवतात."

एप्रिलमध्ये ती गेली. विमानतळावर तिची बॅग काकांनीच उचलली. आता कुकरच्या शिट्ट्या ती तिथेच, ओट्याजवळ उभी राहून मोजते. आमचा दुसरा अजून इथे टोपी घालून उभा आहे आणि ती तिकडून दर रविवारी त्याची खबर घेते. मी अजून काकांकडेच काम करते. गेल्या दिवाळीत पगारवाढीचं बोलायला त्यांच्याकडे गेले तेव्हा दारातच म्हणाले, "आधी बोलू. मग जेवू." काकूंनी आतून विचारलं, "पेढे आणलेत का गं तिनं?" आम्ही तिघंही हसलो आणि मग व्यवस्थित भांडलो.

हे वाचणाऱ्यांत काही जण कुणाचे तरी काका असतील, काही जणी काकू. तुम्ही कुणाला विमानतळावरून आणलं असेल, खिचडी खाऊ घातली असेल, गाडी शिकवली असेल. ते चांगलंच केलंत. आता आणखी एक करा, आणि याच आठवड्यात करा. तुमच्याकडे काम करणाऱ्या त्या मुलीला, त्या मुलाला समोर बसवा. टेबलावर काही खायला ठेवू नका. आणि विचारा, "तुझं घर कुठे आहे? तिकडे जायचंय का तुला?" ती पेढे घेऊन येईपर्यंत थांबू नका.